राखून ठेवलेलं औषध

कस्तुरी हत्तरकी दवाखान्यात आली ती स्वतःच्या पायांनी चालत आली. मंगळवार होता, सकाळचे साडेदहा. गडहिंग्लजमध्ये नवऱ्याबरोबर ती मिरची कांडपाची गिरणी चालवायची. साडीच्या निऱ्यांना तांबडी भुकटी लागलेली होती, आणि तिच्यामागोमाग असा झणका आत शिरला की बाकड्यावरचे दोघे-तिघे शिंकले.

"दोन दिस ताप येतोय, बाई. अंग मोडून आलंय. खोकला तर आमाला बारमाहीच."

डॉ. शरयू नेसरीकरने तिची छाती तपासली. उजवीकडे खाली जरा खरखर होती, पण तशी खरखर गिरणीत राबणाऱ्या सगळ्यांच्याच छातीत असायची. सिस्टर फिलोमिनाने बोटातून थेंबभर रक्त काढून यंत्रात घातलं. अकरा मिनिटांनी पडद्यावर आकडा उमटला. चौदा.

हे यंत्र २०३९ साली राज्यातल्या प्रत्येक फॅमिली डॉक्टरच्या टेबलावर आलं होतं. त्याचं नाव निवाडा. शरीरात विषाणू शिरला की रक्तातल्या पांढऱ्या पेशींमधली काही विशिष्ट जनुकं जागी होतात, आणि जिवाणू शिरला तर वेगळी. यंत्र अशी बत्तीस जनुकं वाचायचं आणि शंभरापैकी एक आकडा द्यायचं. दहाच्या खाली आला तर विषाणू, म्हणजे अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही. साठाच्या वर आला तर जिवाणू, औषध द्यायलाच हवं. मधल्या आकड्यांचा निर्णय डॉक्टरचा. डॉक्टरने संमती दिली तरच औषधाच्या दुकानात कोड जायचा, आणि कोड असल्याशिवाय दुकानदाराला गोळी देता येत नसे.

एवढा बंदोबस्त करायची पाळी आली होती, कारण जुनी औषधं एकामागून एक निकामी होत गेली होती. सर्दीला, पडशाला, जुलाबाला पन्नास वर्षं वाटलेल्या गोळ्यांना जिवाणू सरावले होते. आता हुकमी म्हणावं असं एकच औषध उरलं होतं, टॅरोसिन. ते जपायचं, आणि जुन्या औषधांना काही वर्षं विश्रांती द्यायची. शास्त्रज्ञांचं म्हणणं असं, की औषधाला दाद न देणारा जिवाणू अंगावर चिलखत वागवत असतो. चिलखताचं ओझं असतं. औषधाचा मारा थांबला की बिनचिलखताचे हलके जिवाणू त्याला मागे टाकतील, आणि जुनी औषधं पुन्हा लागू पडतील. किती फरक पडला ते कळावं म्हणून प्रत्येक तालुक्याच्या सांडपाण्यात अशा जिवाणूंची मोजणी व्हायची आणि तिचा आलेख प्रसिद्ध व्हायचा. ही रेघ खाली यायला हवी होती.

तालुक्यातल्या डॉक्टरांना हे पटवायचं काम शरयूने अंगावर घेतलं होतं. प्रत्येकाच्या दवाखान्यात ती स्वतः गेली. डॉ. पोतदार तिच्यापेक्षा वयाने मोठे. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "मी गोळी दिली नाही तर पेशंट समोरच्या दवाखान्यात जाईल. मग?"

"समोरचाही देणार नाही, सर. त्याच्याकडून मी शब्द घेऊन आलेय."

"आणि उद्या एखादा दगावला तर?"

"आपण दिलेल्या गोळ्यांनी रोज दगावताहेत, सर. फक्त आपल्या डोळ्यांसमोर नाही."

हे वाक्य तिला आवडायचं. ती ते सगळीकडे वापरायची. पुढे दर महिन्याला प्रत्येक डॉक्टरला आरोग्य खात्याचं एक पत्र येऊ लागलं, त्यात इतरांच्या तुलनेत आपण किती अँटिबायोटिक लिहिली ते असायचं. हळूहळू चढाओढ लागली. सगळ्यात कमी लिहिणाऱ्यांत सलग सात महिने शरयूचं नाव पहिलं होतं.

म्हणून चौदा हा आकडा पाहून ती थोडा वेळ थांबली, आणि मग म्हणाली, "कस्तुरीबाई, हा व्हायरल ताप दिसतोय. तापाची गोळी देते. भरपूर पाणी प्या, दोन दिवस गिरणीत जाऊ नका. गुरुवारपर्यंत उतरला नाही तर परत या."

"ती मोठी गोळी नगं व्हय?"

"नको. ती राखून ठेवायची. खरी गरज लागेल त्याच्यासाठी."

कस्तुरीने मान हलवली. डॉक्टरांवर तिचा विश्वास होता. दोन्ही बाळंतपणांत शरयूनेच तिची काळजी घेतली होती.

गुरुवारी सकाळी संगाप्पा हत्तरकीने बायकोला रिक्षातून आणलं. तिचे ओठ निळे पडले होते. या वेळी आकडा आला ब्याण्णव. तिला कोल्हापूरला मोठ्या इस्पितळात नेलं, तिथे टॅरोसिन सुरू केलं, पण तोवर विष रक्तात भिनलं होतं. शुक्रवारी दुपारी ती गेली. काही माणसांच्या पेशी सावकाश जाग्या होतात, पहिल्या दोन दिवसांत आकडा फसवा येऊ शकतो, हे यंत्राच्या माहितीपत्रकात लिहिलेलं होतं. शरयूने ते वाचलेलंही होतं.

माती दिल्यावर आठव्या दिवशी संगाप्पा दवाखान्यात आला. शरयू उठून उभी राहिली. तो आरडाओरडा करेल, चारचौघांत काहीबाही बोलेल, अशी तिने मनाची तयारी केली होती. तो पेशंटच्या स्टुलावर बसला आणि खाली बघत राहिला.

"बाई, एक इचारायचं हुतं. तुमी म्हनलासा, ती गोळी राखून ठेवायची."

"हो."

"राखली त्याचा कुनाला उपेग हुनार हाय का?"

त्या घटकेला तिला जे खरं वाटत होतं, तेच तिने सांगितलं. पाच वर्षं तालुक्याने नेट लावला तर सांडपाण्यातली रेघ खाली येईल, जुनी औषधं परत चालू होतील, हजारो माणसं वाचतील. संगाप्पाने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजे कस्तुरीची गोळी त्यातनं वाचलेल्यांच्या नावावर लागली म्हनायची."

"हो," शरयू म्हणाली. "तसंच."

त्या एका शब्दावर संगाप्पा पुढची पाच वर्षं जगला.

गिरणीवर येणाऱ्या बाया कुठल्या ना कुठल्या डॉक्टरविषयी कुरकुर करायच्या. एवढा ताप, आणि नुसतं पाणी प्या म्हणतोय. संगाप्पा गिरणी बंद करायचा. त्या अचानक पसरलेल्या शांततेत तो आपल्या बायकोची गोष्ट सांगायचा. "माझी बायकू गेली, तरी मी म्हंतो, डॉक्टर न्हाई म्हनला तर मागू नगा." त्याच्यापुढे कोण काय बोलणार? पोतदारांनी त्याला आपल्या दवाखान्यात बोलावलं, मग नेसरी गावच्या डॉक्टरांनी, मग आजऱ्याच्या. सरकारी भित्तिपत्रकांनी जे झालं नाही ते या माणसाने केलं. पाच वर्षांत तालुक्यातलं अँटिबायोटिकचं प्रमाण सत्तर टक्क्यांनी उतरलं. दर बेंदराच्या सणाला तो शरयूच्या घरी पुरणपोळ्यांचा डबा आणून द्यायचा. कस्तुरीने केल्या असत्या तशा जमल्या नाहीत, असं दर वर्षी म्हणायचा.

शरयूला मात्र रेघेची काळजी लागून राहिली होती. ती खाली येत नव्हती. वेळ लागतो, असं कोल्हापूरची प्रयोगशाळा दर वर्षी कळवायची.

२०४६च्या डिसेंबरात रेश्मा बागवान तिला भेटायला आली. रेश्मा गडहिंग्लजचीच. लहानपणी तिचे कान सारखे फुटायचे, तेव्हा आई तिला शरयूकडे आणायची. आता ती त्या प्रयोगशाळेत जिवाणूशास्त्रज्ञ होती. दुपारी दवाखाना रिकामा झाल्यावर तिने बाहेरचं दार स्वतःच लोटून घेतलं.

"मॅडम, रेघ येणार नाही खाली."

"अजून दोन वर्षं तरी..."

"नाही. कधीच नाही." रेश्माने समोरच्या कागदावर दोन गोल काढले, मग पेन ठेवून दिलं. चित्राने काही सोपं होणार नव्हतं. "चिलखताचं ओझं असतं हे खरं होतं. पण हे जिवाणू इतकी वर्षं ते घालून जगलेत की त्यांच्यात दुसरे बदल झालेत. ते वजन त्यांना आता जाणवतच नाही. औषध बंद करा, दहा वर्षं बंद ठेवा, हलके जिवाणू पुढे जाणार नाहीत, कारण हे आता जडच राहिलेले नाहीत. चिलखत त्यांची कातडी झालीये. आम्ही आठ जिल्ह्यांतले नमुने तपासले. सगळीकडे तेच."

"हे कधी झालं?"

"यंत्रं यायच्या आधीच. निदान पंधरा वर्षं आधी."

बाहेर फिलोमिना फरशी पुसत होती, बादली सरकवल्याचा आवाज येत होता.

"मग हे सगळं... काहीच नाही?"

"टॅरोसिन थोडं जास्त टिकतंय. तेही संपणारच आहे, त्याची सुरुवात झालीय. पण आपण जपलं त्यामुळे तो दिवस पुढे ढकलला गेला."

"किती?"

"अकरा महिने," रेश्मा म्हणाली. शरयूकडे न बघता पुढे म्हणाली, "वरून सांगितलंय की इतक्यात बाहेर बोलायचं नाही. लोकांना कळलं तर सगळेच गोळ्या मागतील, आणि ते अकरा महिनेही जातील. तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवेना."

दोन आठवडे शरयूने हे कोणालाही सांगितलं नाही. ती पेशंट तपासायची, आकडा बघायची, नाही म्हणायची. नाही म्हणणं अजूनही बरोबरच होतं. विषाणूवर गोळी चालत नाही हे खोटं ठरलं नव्हतं. पण पूर्वी नाही म्हणताना तिच्या आवाजात जी खात्री असायची ती गेली होती, आणि पेशंटना ते कळत होतं. मग एका सकाळी नेसरीच्या डॉक्टरांचा फोन आला, रविवारी संगाप्पाला पुन्हा कार्यक्रमाला बोलावलंय म्हणून. शंभरेक लोकांपुढे तो पुन्हा आपली मेलेली बायको मांडणार होता, शरयूने दिलेल्या शब्दावर. तिला ते सहन होईना.

ती गिरणीवर गेली. संगाप्पाने तिला पाहताच लगबगीने पोत्यावरची भुकटी झटकली. "बसा की, बाई. फोन केला असतासा तर मीच आलो असतो."

तिने सगळं सांगितलं. शास्त्र त्याला कळेल अशा शब्दांत सांगितलं. तो गिरणीच्या खांबाला टेकून उभा होता.

"म्हंजे ती औषधं परत चालू हुनार न्हाईत."

"नाही."

"तवा कस्तुरीला गोळी दिली असती तर?"

शरयूने हा प्रश्न येणार हे ओळखलं होतं. वाटेत तिने उत्तरं जुळवली होती, ती तिने बाजूला ठेवली. "बहुतेक वाचली असती."

"आनि बिघडलं काय असतं कुनाचं?"

"काही नाही."

संगाप्पाने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली, ती उलटसुलट केली, पुन्हा घातली.

"हे मला कशाला सांगितलासा, बाई?"

"तुम्हाला खोट्यावर जगू देणं मला बरं वाटेना."

"मी जगत हुतो न्हवं," तो म्हणाला. "पाच वर्सं झोप येत हुती मला. तुमाला बरं वाटंना म्हनून माझी झोप गेली." आणि त्याने वळून गिरणी चालू केली. त्या आवाजात पुढे काही बोलता येण्यासारखं नव्हतं.

रविवारच्या कार्यक्रमाला तो गेला नाही. कोणाला कारणही सांगितलं नाही. बाया कुरकुरत आल्या तरी आता गिरणी थांबत नव्हती.

मार्चमध्ये त्याची मुलगी महादेवी आपल्या चार वर्षांच्या मुलीला घेऊन माहेरी आली आणि मुलीला ताप भरला. दवाखान्यात मायलेकींच्या मागोमाग संगाप्पाही आला. गिरणीवरच्या त्या दिवसानंतर तो पहिल्यांदाच शरयूसमोर उभा होता. आकडा आला सहा. शरयूने पोरीचा घसा पाहिला, कान पाहिले, छाती दोनदा तपासली. दुसऱ्या बोटाचं रक्त घेऊन यंत्र पुन्हा चालवलं. पुन्हा सहा.

"विषाणूच आहे. तीन दिवसांत उतरेल. उद्या मी स्वतः घरी येऊन बघून जाते."

"गोळी लिवा," संगाप्पा म्हणाला.

"या तापावर ती चालणारच नाही हो. उगाच पोट बिघडेल पोरीचं."

"तुमी काय म्हनतासा ते मला म्हाईत हाय. लिवा."

सहावर कोड द्यायचा तर डॉक्टरला आपल्या जबाबदारीवर सही करावी लागे. तसं करायला बंदी नव्हती. शरयूचं बोट पडद्यापर्यंत गेलं. ही एक सही केली तर हा माणूस कदाचित पुन्हा तिच्याशी बोलेल, असं तिच्या मनात आलं. मग तिने पोरीकडे पाहिलं. पोरगी आईच्या खांद्यावरून यंत्राचा हिरवा दिवा बघत होती.

"नाही, संगाप्पा. तिला गरज नाहीये."

तो बाहेर पडला. त्याच दुपारी तो सीमेपलीकडे कर्नाटकात गेला, जिथे हा कायदा अजून आला नव्हता, आणि टॅरोसिन घेऊन आला. पोरीला त्याने ते दिलं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. न देताही तो तिसऱ्याच दिवशी उतरला असता, पण हे आता कोण कोणाला सिद्ध करून दाखवणार?

सोमवारी गिरणी पुन्हा थांबली. शांततेत संगाप्पाने जमलेल्या बायांना नवी गोष्ट सांगितली. तीही तितकीच खरी होती. बायकोला गोळी मिळाली नाही, ती गेली. नातीला दिली, ती वाचली. "डॉक्टरबाई कबूल झाल्यात माझ्याकडं. राखून कायबी हुनार न्हाई. ज्याला त्याला आपलं मानूस प्यारं."

मग आवरता आवरेना. लोक गाड्या करून सीमेपलीकडे जाऊ लागले. पोतदारांनी शरयूला फोन केला. "लोक तिकडून वाट्टेल तेवढा डोस घेऊन येतायत. त्यापेक्षा मी इथे नीट लिहून दिलेलं बरं नाही का?" त्यांच्या बोलण्यात चूक काढण्याजोगं काही नव्हतं. दिवाळीपर्यंत तालुक्यातला अँटिबायोटिकचा आकडा यंत्र यायच्या आधी होता तिथे जाऊन पोचला. महिन्याची पत्रं बंद झाली. शरयू एकटी नाही म्हणत राहिली, आणि तिचा दवाखाना रिकामा होत गेला. नंतर नंतर फिलोमिना आणि ती, दोघी समोरासमोर बसून पेपर वाचायच्या.

पुढच्या उन्हाळ्यात टॅरोसिन संपलं. कपाटातलं संपलं असं नव्हे, कपाटं भरलेली होती. फक्त ते दिल्यावर ताप उतरेना. आधी बाळंतिणींचा, मग ऑपरेशन झालेल्यांचा. रेश्माने फोनवर एवढंच सांगितलं, "तो दिवस आला, मॅडम."

संगाप्पाचा डावा हात गिरणीच्या पट्ट्यात अडकला तो मे महिन्यात. जखम मोठी नव्हती. त्याने ती धुतली, फडकं बांधलं, आणि काम करत राहिला. तिसऱ्या दिवशी हात कोपरापर्यंत सुजला. महादेवी त्याला शरयूकडे घेऊन आली, दुसरीकडे कुठे गेली नाही. आकडा होता शहाण्णव. शरयूने टॅरोसिनचा कोड दिला, सोबत जुन्या दोन औषधांचेही दिले, आणि लाल रेषा दंडाकडे चढताना पाहून त्याला स्वतःच्या गाडीतून कोल्हापूरला नेलं.

तिथल्या सर्जननी सव्वाशे वर्षांपूर्वी करायचे तेच केलं. हात कोपराच्या वर कापला.

दोन दिवसांनी शरयू त्याला भेटायला गेली. वॉर्डातल्या चौदा खाटांपैकी नऊ खाटांवर कोणाचा ना कोणाचा अवयव काढलेला होता. खिडकीतून ऊन आत आलं होतं. महादेवी चहा आणायला गेली होती. संगाप्पा उशीला टेकून बसला होता, आणि त्याचा चेहरा तापाने तुकतुकीत दिसत होता. शरयूला पाहून त्याने उजव्या हाताने पांघरूण सारखं केलं.

"बसा, बाई."

ती बसली. खाटेच्या पायथ्याशी अडकवलेला तापाचा तक्ता तिने सवयीने हातात घेतला. सकाळी एकशे दोन. दुपारी एकशे तीन. खाली सर्जनच्या अक्षरात हात खांद्यापासून काढण्याविषयी एक ओळ लिहिली होती आणि तिच्यापुढे प्रश्नचिन्ह होतं.

"मी लोकांना जे सांगितलं," संगाप्पा म्हणाला, "त्याचा राग आला असंल तुमाला."

"तुम्ही खोटं काही सांगितलं नाही."

"न्हाई." तो जरा वेळ दम खात राहिला. "हितला डॉक्टर म्हनला, आता वर चढायचं न्हाई. कापलं तितंच थांबंल. थांबंल न्हवं?"

शरयूने तक्ता उलटा करून मांडीवर ठेवला. त्याचा उरलेला हात तिने आपल्या हातात घेतला. तो रखरखीत आणि फार गरम होता.

"थांबेल," ती म्हणाली.

संगाप्पाने डोळे मिटले. थोड्या वेळाने त्याला झोप लागली.